मतपत्रिकेवरचा पँथर

बाई नागपुरात वाढल्या, राष्ट्र सेवा दलाच्या शाखेत घडल्या आणि मुंबईच्या एका कॉलेजात इतिहास शिकवून निवृत्त झाल्या. वकील त्यांचा विद्यार्थी. ॲट्रॉसिटीचे खटले लढतो. त्याचे वडील वरळीच्या बीडीडी चाळींतले दलित पँथरचे कार्यकर्ते. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या लढ्याबद्दल दोघांनी जवळपास तीच पुस्तकं वाचली आहेत, तरी दोघांची मतं जुळत नाहीत. अहिंसक चळवळीने मिळवलेलं सशस्त्र गटांनी धोक्यात आणलं, असं बाईंचं म्हणणं. बंदुका बाळगणारे शेजारी नसते तर अहिंसक चळवळ पहिल्याच रात्री मेली असती, असं वकिलाचं. त्यांचं बोलणं मी इथे मांडते आहे, कारण आपल्याकडे हा वाद नेहमी किंग विरुद्ध माल्कम एक्स अशा दोन फोटोंवर येऊन थांबतो आणि खरी माणसं, खरी गावं त्यात येतच नाहीत.

वकील : बाई, आपण हा इतिहास तीन चित्रांत उरकतो. रोझा पार्क्स दमून बसमध्ये बसल्या, किंग यांनी भाषण केलं, कायदा झाला. चौथं चित्र असलंच तर काळं जाकीट, काळी टोपी आणि हातात बंदूक. म्हणजे चांगल्या चळवळीला लागलेली दृष्ट. पार्क्सबाई त्या दिवशी काही दमून बसलेल्या नव्हत्या. नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी संघटनेच्या मॉन्टगोमेरी शाखेत त्या १९४३पासून काम करत होत्या. त्यांचं सगळं राजकारण पुसून आपण त्यांना एक थकलेली शिंपीण करून टाकलं.

बाई : खरं आहे. पण चौथ्या चित्राची बाजू घेताना पहिल्या तिन्हींतल्या माणसांना भोळं ठरवू नकोस. अहिंसा म्हटलं की तुझ्या डोळ्यांसमोर मार खाणारी सज्जन माणसं येतात. जेम्स लॉसनचं घे. कोरियाच्या युद्धात भरती व्हायला नकार दिला म्हणून तुरुंगात गेलेला हा तरुण. १९५३ साली तो आमच्या नागपुरात आला, हिस्लॉप कॉलेजात शिकवायला. तीन वर्षं राहिला, सत्याग्रहाचा अभ्यास केला. मॉन्टगोमेरीत लोकांनी बसवर बहिष्कार घातल्याची बातमी त्याने नागपूरच्याच वर्तमानपत्रात वाचली. परत गेल्यावर नॅशव्हिलमध्ये त्याने विद्यार्थ्यांचे वर्ग सुरू केले. मुलं एकमेकांना शिव्या द्यायची, ढकलायची, तोंडावर सिगारेटचा धूर सोडायची. खाली पाडलं तर डोकं कसं झाकायचं, शेजारच्याला मारत असतील तर मधे आपलं अंग कसं घालायचं, हे पुन्हा पुन्हा घटवून घ्यायची. ही लष्करी कवायतच होती, फक्त हात उचलायचा नाही एवढाच फरक.

वकील : लॉसनना मी मानतो.

बाई : पूर्ण ऐक. १३ फेब्रुवारी १९६०ला ही मुलं दुकानांतल्या जेवणाच्या काउंटरवर जाऊन बसू लागली. १९ एप्रिलला त्यांचे वकील झेड. अलेक्झांडर लुबी यांच्या घरावर बॉम्ब पडला. त्याच दिवशी हजारो लोक महापौर बेन वेस्ट यांच्या कचेरीपर्यंत चालत गेले आणि डायान नॅश नावाच्या एकवीस वर्षांच्या मुलीने सगळ्यांसमोर त्यांना विचारलं, केवळ वर्णावरून माणसात भेद करणं तुम्हाला चूक वाटतं की नाही? चूक आहे, असं त्यांना कबूल करावं लागलं. १० मेला काउंटर उघडले. ही मुलं एक गोळी न झाडता जिंकली, आणि दुबळी होती म्हणून नव्हे.

वकील : नॅशव्हिल हे शहर होतं, बाई. फिस्कसारखं विद्यापीठ होतं, वार्ताहर होते. रात्री दोन वाजता मातीच्या रस्त्यावरून दिवे विझवलेली गाडी येते, तिथे महापौरांना प्रश्न विचारायला कुणी नसतं. मॉन्टगोमेरीतसुद्धा बघा. ३० जानेवारी १९५६ला किंग यांच्या घरावर बॉम्ब टाकला. बायको आणि दोन महिन्यांची मुलगी आत होती. त्यानंतर किंगनी पिस्तुलाच्या परवान्यासाठी अर्ज केला. तो नाकारला गेला, पण घरात बंदुका होत्याच, पहारा देणारे लोकही होते. अहिंसेचे पुरस्कर्ते बेयर्ड रस्टिन तिथे मदतीला गेले तेव्हा खुर्चीवर पिस्तूल पडलेलं होतं.

बाई : आणि पुढे किंगनी ती शस्त्रं घरातून काढून टाकली. हे तू सांगत नाहीस.

वकील : सांगतो ना. त्यांनी काढली, तो त्यांचा मोठेपणा. पण मिसिसिपीतल्या फॅनी लू हेमर यांनी काढली नाहीत. मतदार नोंदणीला गेल्या म्हणून मळ्यावरून हाकलल्या गेलेल्या, तुरुंगात मार खाऊन अधू झालेल्या या बाई अहिंसेचीच भाषा बोलायच्या आणि घरात बंदूक ठेवायच्या. त्यांच्या मनात यात काहीही विसंगती नव्हती. विसंगती आपल्याला दिसते, कारण आपण ‘अहिंसक’ आणि ‘सशस्त्र’ अशा दोन पेट्या आधीच करून ठेवल्यात.

इथे मला वकिलाचं म्हणणं पटतं. दक्षिणेतल्या खेड्यांत बंदूक ही शेतकऱ्याच्या घरात असायचीच. स्टुडंट नॉनव्हायोलंट कोऑर्डिनेटिंग कमिटीची, म्हणजे ‘स्निक’ची, कॉलेजातून आलेली पोरं ज्यांच्या घरी उतरायची, त्या म्हाताऱ्या शेतकऱ्यांना अहिंसेवर व्याख्यान देण्याची त्यांची हिंमत नव्हती. म्हातारा रात्रभर ओसरीवर बसायचा, पोरं आत झोपायची आणि सकाळी त्याच म्हाताऱ्याला घेऊन नोंदणीच्या कचेरीत निःशस्त्र जायची.

वकील : आता डीकन्सचं सांगतो. १९६४, लुइझियानातलं जोन्सबरो. कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववादी संघटनेच्या गाड्यांचा ताफा काळ्यांच्या वस्तीतून फिरला आणि पुढे पोलिसांची गाडी होती. तेव्हा तिथल्या लोकांनी ‘डीकन्स फॉर डिफेन्स अँड जस्टिस’ काढली. यातले कितीतरी जण दुसऱ्या महायुद्धात आणि कोरियात लढून आलेले. दुसरी मोठी शाखा बोगालुसाला, कागद गिरणीच्या गावात. १ फेब्रुवारी १९६५च्या रात्री रॉबर्ट हिक्स या गिरणी कामगाराच्या घरी ‘कोअर’ संघटनेचे दोन गोरे कार्यकर्ते मुक्कामाला होते. पोलीसप्रमुख येऊन सांगतो, जमाव येतोय, या दोघांना बाहेर काढा. संरक्षण देतो असं नाही, बाहेर काढा! हिक्स आणि त्यांच्या बायकोने नकार दिला. फोनाफोनी झाली, शेजारीपाजारी बंदुका घेऊन आले आणि जमाव काही आला नाही. आता सांगा, त्या रात्री अहिंसेचा कोणता प्रयोग करायचा होता?

बाई : त्या रात्री नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी. डीकन्स कुणाचा पहारा देत होते? दुकानांसमोर निदर्शनं करणाऱ्यांचा, मोर्च्यांचा. लोकांना हक्क मोर्च्याने मिळत होते, डीकन्समुळे मोर्चेकरी जिवंत घरी पोचत होते. दोन्ही कामांची किंमत एक नाही.

वकील : एक नाही? ८ जुलै १९६५ला बोगालुसात मोर्च्यावर दगडफेक झाली. जखमी मुलीला गाडीत घेणाऱ्यांवर जमाव धावून आला आणि हेन्री ऑस्टिन या डीकनने हल्लेखोरावर गोळी झाडली. तो माणूस वाचला. पण त्याच महिन्यात वॉशिंग्टनचं न्याय खातं जागं झालं, त्या खात्याचे जॉन डोअर धावत आले. क्लॅनवर आणि बोगालुसाच्या पोलिसांवर फेडरल कोर्टात दावे लागले आणि डिसेंबरात क्लॅनविरुद्ध मनाईहुकूम निघाला. काळ्यांवर गोळ्या झाडल्या जात होत्या तेव्हा हेच खातं चौकशा करत बसलं होतं. काळ्या माणसाने गोळी झाडल्यावर त्यांना यादवी दिसू लागली.

बाई : दावे कुठल्या कायद्याखाली लागले?

वकील : १९६४च्या नागरी हक्क कायद्याखाली.

बाई : तो कायदा कुठून आला? मे १९६३मध्ये बर्मिंगहॅमच्या शाळकरी मुलांनी पाण्याच्या पाइपांचे फटके खाल्ले, अंगावर पोलिसी कुत्री झेलली, तिथून आला. त्याच सप्टेंबरात सिक्स्टीन्थ स्ट्रीट चर्चमध्ये बॉम्ब फुटून चार मुली मेल्या. ऑस्टिनची गोळी न्यायालयात नेण्याजोगी झाली ती या पोरांनी कायदा आधी मिळवून ठेवला म्हणून. नाहीतर एका काळ्या माणसाने गोऱ्यावर गोळी झाडल्याचा शेवट काय झाला असता, हे तू वकील असून मी सांगायचं?

वकील : आणि कायदा होऊन वर्ष उलटलं तरी बोगालुसात तो कुणी उघडून पाहिला नव्हता, हे तुम्ही इतिहासाच्या बाई असून मी सांगायचं?

दोघंही थोडा वेळ गप्प झाले. मला वाटतं, बोगालुसाचा निकाल या दोघांपैकी कुणाच्याच बाजूने लागत नाही. तिथे कायदा, मोर्चा आणि पहारा हे तिन्ही एकाच वस्तीच्या हातात होतं. हिक्स स्वतः गिरणीतल्या युनियनचे, नागरी हक्क समितीचे आणि डीकन्सचेही. कोणत्या दिवशी काय वापरायचं हे ठरवणारी माणसं सकाळी एकमेकांना रस्त्यात भेटणारी होती. मला त्यातली हीच गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते.

बाई : मेरेडिथ मोर्च्याचं तू आता काढणार, मला माहीत आहे.

वकील : काढतोच. ६ जून १९६६ला मोर्चा घेऊन निघालेले कृष्णवर्णीय कार्यकर्ते जेम्स मेरेडिथ यांना मिसिसिपीच्या हमरस्त्यावर गोळ्या लागल्या. त्यांचा मोर्चा पुढे न्यायचा ठरला तेव्हा स्निकचे स्टोकली कारमायकल यांनी डीकन्सना सोबत घ्यायचा आग्रह धरला. जुन्या नागरी हक्क संघटनांचे नेते रॉय विल्किन्स आणि व्हिटनी यंग सोडून गेले. किंग थांबले. बाई, किंग थांबले! त्यांना डीकन्स नको होते, पण लोकांना सोडून ते गेले नाहीत. १६ जूनला ग्रीनवूडला कारमायकलनी ‘ब्लॅक पॉवर’ची घोषणा दिली आणि वर्तमानपत्रांना दुसरं काहीच ऐकू येईनासं झालं.

बाई : घोषणा ऐकू आली, त्याआधी वर्षभर कारमायकल काय करत होते ते ऐकू आलं नाही, हे मात्र मी तुझ्या बाजूने म्हणते. लाउंड्स काउंटी. मी वर्गात यावर एक आख्खा तास घ्यायचे.

वकील : मला तो तास आठवतो.

बाई : सेल्मा ते मॉन्टगोमेरी रस्त्यावर मधे लागणारी ही अलाबामाची काउंटी. दर पाच माणसांत चार कृष्णवर्णीय आणि १९६५ उजाडलं तेव्हा त्यांच्यातला एकही मतदार यादीत नाही. किंगचा मोर्चा मार्चमध्ये तिथून गेला. २५ मार्चला, मोर्चा संपला त्या रात्री, मोर्चेकऱ्यांना गाडीतून पोचवणाऱ्या व्हायोला लिउझो यांना क्लॅनने त्याच रस्त्यावर मारलं. मोर्चा पुढे गेला, वार्ताहर पुढे गेले. स्निकची पोरं मात्र तिथे मुक्कामाला आली. ऑगस्टमध्ये मतदान हक्काचा कायदा झाला आणि फेडरल नोंदणी अधिकारी आले. नाव नोंदवलं म्हणून मळेवाल्यांनी वाट्याने शेती करणारी कुळं घरांतून काढली. त्यांनी डिसेंबरात हमरस्त्याच्या कडेला तंबू टाकले. रात्री त्या तंबूंवर गोळ्या यायच्या.

वकील : आणि तंबूंतूनही जायच्या.

बाई : जायच्या. मी नाकारत नाही. पण दिवसा काय चालायचं ते महत्त्वाचं. अलाबामाच्या डेमोक्रॅटिक पक्षाचं मतपत्रिकेवरचं चिन्ह पांढरा कोंबडा, आणि त्यावर गोऱ्यांच्या वर्चस्वाची घोषणा छापलेली. त्या पक्षात शिरून उमेदवारी मागावी तर त्यांनी अर्जाची फी ५० डॉलरवरून ५०० केली. मग स्निकच्या संशोधकांनी राज्याचा जुना कायदा खणून काढला. काउंटीपुरता स्वतंत्र पक्ष काढता येतो, ठरावीक दिवशी सभा घेऊन उमेदवार निवडले की झालं. ज्याला वाचता येत नाही त्याला चिन्ह लागतं, म्हणून काळा पँथर. शेरीफचं काम काय, कर ठरवणाऱ्याचं काम काय, हे चित्रांच्या पुस्तिकांतून शिकवलं. ३ मे १९६६ला हेनव्हिलच्या चर्चसमोर नऊशेच्या आसपास माणसं जमली. आयुष्यात पहिल्यांदा मत देणारी माणसं, आणि तेही स्वतःच्या पक्षाच्या उमेदवाराला! जगभर गाजलेला ब्लॅक पँथर प्रथम मतपत्रिकेवर उमटला, हे किती जणांना ठाऊक आहे?

वकील : नोव्हेंबरात सातही जागा गेल्या.

बाई : गेल्या. मळेवाल्यांनी कुळांना ट्रकमध्ये घालून आणलं आणि कोंबड्यावर शिक्के मारून घेतले. पण लोक पांगले नाहीत. चळवळीचे अध्यक्ष जॉन ह्यूलेट १९७०ला शेरीफ म्हणून निवडून आले.

वकील : त्यांना सगळ्यात आधी शेरीफचीच जागा का हवी होती, हे तुम्ही त्या तासाला सांगितलं नव्हतं. कारण तंबूवर गोळी झाडणाऱ्याला धरायचं की सोडायचं, हे शेरीफ ठरवतो. बंदुकीचा प्रश्न त्यांनी सोडून दिला नव्हता. काउंटीतली सगळ्यात मोठी बंदूक कुणाच्या हातात असावी, एवढंच ते मतपत्रिकेवर विचारत होते.

बाईंना हे आवडलं, असं त्यांच्या चेहऱ्यावरून दिसलं. पण पुढचा विषय निघाला तेव्हा त्या पुन्हा कठोर झाल्या.

बाई : मग ऑकलंडला काय झालं? ऑक्टोबर १९६६, ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी ब्लॅक पँथर पक्ष काढला. चिन्ह लाउंड्सचं घेतलं. दहा कलमी कार्यक्रम चांगला होता; घर, काम, शिक्षण, पोलिसी अत्याचार थांबवणं, सगळं त्यात आहे. पोलिसांच्या गाडीमागे कायद्याचं पुस्तक आणि भरलेली बंदूक घेऊन फिरणं, तेही कॅलिफोर्नियात तेव्हा कायदेशीर होतं. पण २ मे १९६७ला ते सॅक्रामेंटोच्या विधानभवनात बंदुका घेऊन गेले आणि त्या फोटोने त्यांना जन्मभर बांधून टाकलं. लाउंड्सचा म्हातारा बंदूक दाखवत नव्हता. ओसरीवर अंधारात बसायचा. दाखवायला काढलेली बंदूक आणि राखणीची बंदूक या दोन वेगळ्या वस्तू आहेत.

वकील : ते विधानभवनात का गेले? त्यांच्या गस्ती बंद पाडण्यासाठीच मलफर्ड विधेयक आणलं होतं म्हणून. गव्हर्नर रेगन यांनी त्यावर सही केली. ज्या देशात बंदुकीचा हक्क घटनेत लिहिलेला आहे, तिथे काळ्या माणसाने तो वापरल्याबरोबर कायदा बदलला. फोटो नसता तर हे कुणाला कळलं असतं? मोठ्या शहरांतल्या वस्त्यांना मतदानाचा हक्क आधीच होता, बाई. लॉस एंजेलिसच्या वॉट्स वस्तीत १९६५च्या ऑगस्टमध्ये दंगल पेटली तेव्हा मतदान हक्काच्या कायद्यावरची शाई वाळली नव्हती. चौतीस माणसं गेली. तिथल्या मुलांना काउंटरवर बसायचं नव्हतं. त्यांना पोलिसांनी रस्त्यात भिंतीला लावणं थांबवायचं होतं. किंग १९६६ला शिकागोला गेले आणि मार्केट पार्कात त्यांच्या डोक्यात दगड बसला. दक्षिणेचं तंत्र उत्तरेत चालेना, हे त्यांनाही दिसलं.

बाई : आणि तो फोटो बघून देशभर शाखा निघाल्या, त्यांत कोण आलं कुणाला ठाऊक? बोगालुसात खबऱ्या शिरला असता तर चार दिवसांत ओळखला गेला असता, कारण त्याच्या आजीला सगळे ओळखत होते. पँथरमध्ये शिरायला जाकीट पुरत होतं. मग संशय आला. १९६९च्या मेमध्ये ॲलेक्स रॅकली या आपल्याच पोराला खबऱ्या समजून पँथरनी कोंडलं, छळलं आणि न्यू हेवनजवळ मारून टाकलं. तो खबऱ्या नव्हता. याचं तू काय करतोस?

वकील : मी त्याचं काहीही करू शकत नाही. त्याला गुन्हाच म्हणतो. माझ्या वडिलांशी यावर माझं भांडण झालं होतं, कारण ते हे नाव घेऊ द्यायचे नाहीत. बायकांचंही सांगतो, तुम्ही सांगण्याआधी. एरिका हगिन्स यांनी ऑकलंडची शाळा चालवली, इलेन ब्राऊन यांनी १९७४ ते ७७ पक्ष चालवला. शाळेचं काम बघणाऱ्या एका बाईला पक्षातल्या पुरुषांनी मारलं आणि न्यूटननी मारणाऱ्यांची बाजू घेतली, म्हणून आपण बाहेर पडलो, असं ब्राऊन यांनी आत्मचरित्रात लिहिलं आहे. बंदुकीवर उभ्या राहिलेल्या पुरुषार्थाची ही किंमत होती आणि ती बायकांनी दिली. पण बाई, संशय आपोआप आला असं म्हणू नका. तो पेरला होता.

बाई : एफबीआयने. मान्य.

वकील : नुसतं मान्य नाही. सिनेटर चर्च यांच्या सिनेट समितीने मोजलं आहे. कृष्णवर्णीय राष्ट्रवादी गटांविरुद्ध एफबीआयने मंजूर केलेल्या २९५ कारवायांपैकी २३३ एकट्या पँथरविरुद्ध होत्या. खोटी पत्रं, खोटी व्यंगचित्रं, एका गटाला दुसऱ्यावर घालणं. जानेवारी १९६९मध्ये लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात पँथरचे बंची कार्टर आणि जॉन हगिन्स दुसऱ्या काळ्या संघटनेशी झालेल्या चकमकीत मेले, ते वैर पेटतं ठेवण्यात एफबीआयचा हात होता. आणि एफबीआयचा प्रमुख एडगर हूव्हर याला सगळ्यात धोक्याचं काय वाटलं? बंदुका नाहीत. मुलांचा नाश्ता.

यावर बोलायचं राहू नये म्हणून मी बाईंना थांबवलं. जानेवारी १९६९मध्ये ऑकलंडच्या सेंट ऑगस्टीन चर्चमध्ये फादर अर्ल नील यांच्या मदतीने पँथरनी शाळकरी मुलांना सकाळी खाऊ घालायला सुरुवात केली. अंडी, ब्रेड, दलिया, दूध. वस्तीतल्या दुकानदारांकडून वर्गणी, आयांच्या हातचा स्वयंपाक. वर्ष संपेपर्यंत ते अनेक शहरांत पसरलं. त्याच वर्षीच्या मे महिन्यात हूव्हरने आपल्या माणसांना लिहिलं की पँथरच्या कामांत हेच सगळ्यात प्रभावी आहे आणि म्हणून हेच मोडायला हवं. सरकारच्या शाळा-नाश्त्याची योजना १९६६पासून प्रायोगिक होती, ती १९७५ला कायमची झाली. पँथरमुळेच झाली असं ठामपणे म्हणता येणार नाही. पण भुकेली मुलं वर्गात शिकू शकत नाहीत, हे देशाला रोज सकाळी दिसेल अशी सोय त्यांनी केली होती.

वकील : आणि शिकागोत फ्रेड हॅम्प्टन. वय एकवीस. पोर्टो रिकन तरुणांचे यंग लॉर्ड्स, ॲपलॅचियाहून आलेल्या गरीब गोऱ्यांचे यंग पेट्रियट्स, या सगळ्यांना त्याने एका आघाडीत आणलं. त्या गोऱ्या पोरांच्या अंगावर गुलामीच्या बाजूने लढलेल्या फौजेचा झेंडा शिवलेला असायचा, आणि हॅम्प्टनचे लोक त्यांच्या वस्तीत जाऊन त्यांच्याशी बोलत बसले! हॅम्प्टनचा अंगरक्षक विल्यम ओ’नील एफबीआयचा खबऱ्या होता. त्याने घराचा नकाशा दिला, पलंग कुठे आहे तेही. ४ डिसेंबर १९६९ला पहाटे सरकारी वकील हॅनरहन यांच्या पोलिसांनी धाड घातली. ग्रँड ज्युरीच्या हिशेबाने पोलिसांच्या ऐंशीहून जास्त गोळ्या, पँथरची एक. हॅम्प्टन आणि मार्क क्लार्क मेले. हॅम्प्टनची गरोदर जोडीदार त्याच खोलीत होती. खुनाची शिक्षा कुणालाही झाली नाही. १९८२ला शहर, काउंटी आणि केंद्र सरकारने मिळून साडेअठरा लाख डॉलर भरपाई दिली.

बाई : मी याच्यापुढे मान खाली घालते. पण माझा प्रश्न तसाच राहतो. बंदुकांनी त्याला वाचवलं नाही.

वकील : मिसिसिपीतल्या एनएएसीपीचे मेडगर एव्हर्स यांना १९६३ला त्यांच्या दारात मारलं. किंगना अहिंसेने वाचवलं?

बाई : नाही वाचवलं. मेम्फिसला सफाई कामगारांच्या संपासाठी त्यांना बोलावलं होतं लॉसननीच, हे मला फार लागतं. ट्रकच्या यंत्रात दोन कामगार चिरडून मेले म्हणून तेराशे माणसं संपावर गेली होती. २८ मार्च १९६८च्या मोर्च्यात काचा फुटल्या आणि पोलिसांनी सोळा वर्षांच्या लॅरी पेनला गोळी घातली. फोडाफोडीचं खापर इन्व्हेडर्स नावाच्या ब्लॅक पॉवरवाल्या पोरांवर फुटलं. किंगनी त्यांना हाकललं नाही, खोलीत बोलावून बोलले. त्या पोरांतही एक पोलीस शिरलेला होता. ४ एप्रिलला किंग गेले आणि १६ एप्रिलला संप यशस्वी झाला. तर वाचणं-न वाचणं हा निकष मी लावत नाही. नेता गेल्यावर संस्था उरते का, हा लावते. मेम्फिसला युनियन उरली. लाउंड्सला शेरीफ मिळाला. ऑकलंडचा पक्ष १९८२ला शाळेसकट संपला.

वकील : शिकागोत काय उरलं तेही मोजा मग. पँथरनी ते गोळ्यांनी चाळण झालेलं घर लोकांना उघडं केलं, हजारो माणसं रांगेने बघून गेली. १९७२ला हॅनरहन निवडणूक हरले, काळ्या मतदारांनी त्यांना पाडलं. १९८३ला हॅरल्ड वॉशिंग्टन पहिले काळे महापौर झाले, ते साधारण त्याच धर्तीच्या आघाडीवर. इलिनॉय पँथरचे बॉबी रश तीस वर्षं संसदेत बसले. बंदूक गेली, पण नाश्त्याच्या टेबलाभोवती जमलेली माणसं मतदार म्हणून राहिली.

बाई : म्हणजे शेवटी मतपत्रिकाच.

वकील : शेवटी, हो. पण शेवटापर्यंत पोचायला माणसं जिवंत लागतात.

बाई : तुझ्या वडिलांच्या पँथरबद्दल मी कधी विचारलं नाही. १९७२ला ढाले, ढसाळ, ज. वि. पवार यांनी नाव ऑकलंडवाल्यांचं घेतलं. मला तेव्हाही वाटायचं, आपल्याकडे हे नातं त्याहून जुनं आहे. जोतीरावांनी १८७३ला ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेत गुलामी मोडणाऱ्या माणसांना. बाबासाहेबांनी १९४६ला कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉईस यांना पत्र लिहिलं, अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागवायला. नाव घ्यायचं तर लाउंड्सचं का नाही घेतलं?

वकील : कारण लाउंड्सची बातमी वरळीपर्यंत आली नव्हती, फोटो आला होता. पण वडील काय करायचे सांगू? १९७४च्या जानेवारीत वरळीत दंगल पेटली, पँथरचे भागवत जाधव गेले, तेव्हा ते चाळीच्या गच्चीवर रात्रभर जागायचे. बंदूक कुणाकडेच नव्हती. ते ऑकलंडचं नाव घेऊन बोगालुसाचं काम करत होते.

बाई : आणि तू? तुझ्या खटल्यांत साक्षीदाराच्या घरी रात्री कोण थांबतं?

वकील : त्याचे भाऊबंद. कायद्यात कलम १५अ आहे, पीडित आणि साक्षीदाराच्या संरक्षणाचं. मी प्रत्येक अर्जात लिहितो. पोलीस येतात, वहीत सही करून जातात. मग भाऊबंद काठ्या घेऊन ओट्यावर बसतात.

बाई : म्हणजे तुझ्याकडे कायदाही आहे आणि पहाराही आहे. मग अडतं कुठे?

वकील : शेरीफपाशी, बाई. ह्यूलेटना लोकांनी मत देऊन त्या खुर्चीत बसवलं. आमच्या तालुक्याचा पोलीस निरीक्षक कुणाच्या मताने येत नाही.

बाई : पण त्याची बदली कुणाच्या सांगण्यावरून होते ते तुला ठाऊक आहे, आणि ते लोक मतावरच येतात. तुझ्या किती गावांत साक्षीदारांची घरं एकत्र येऊन त्यांच्याकडे गेली आहेत?

वकिलाने खिशातून वही काढली आणि तालुक्यातल्या गावांची नावं एकेक करून सांगायला लागला.